अमेरिकेचा अध्यक्ष निवडणूक तहकूब करून सत्तेत राहू शकतो काय? : एक चिकित्सा

प्रास्ताविक

अमेरिकेचा अध्यक्ष निवडणुका स्थगित करून पदावर कायम राहू शकतो काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आहे. ३० जुलै २०२० रोजी तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी महामारीच्या पार्श्वभूमीवर निवडणूक पुढे ढकलावी काय, असा जाहीर प्रश्न केला. दुसऱ्यांदा अध्यक्ष झाल्यावर मार्च २०२५ मध्ये त्यांनी तिसऱ्या कार्यकालाचा विचार आपण थट्टेने बोलत नसल्याचे सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये युक्रेनच्या अध्यक्षांच्या भेटीत युद्धकाळात निवडणुका होत नाहीत हे ऐकून त्यांनी त्यावर विनोदही केला. अशा प्रत्येक प्रसंगी चर्चेचे दोन ठरीव सूर उमटतात. पहिला सूर असा, की घटनेत तशी तरतूदच नाही, तेव्हा भीती निराधार आहे. दुसरा असा, की घटना हा अखेर कागद आहे आणि सैन्य हाती असलेला अध्यक्ष काहीही करू शकतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू या दोन्ही सुरांची चिकित्सा करण्याचा आहे. पहिला सूर उत्तर बरोबर देतो, पण त्याचे कारण अपुरे सांगतो. दुसरा धोका ओळखतो, पण तो भलत्याच ठिकाणी शोधतो. राज्यशास्त्राच्या अध्यापनात सत्ताविभाजनाचा धडा आपण बहुधा तीन चौकोनांच्या आकृतीने शिकवितो. त्या आकृतीत या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक वाटते.

एका प्रश्नातील दोन प्रश्न

सदर प्रश्नात वस्तुतः दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. निवडणूक थांबविण्याचा अधिकार अध्यक्षाला आहे काय, हा पहिला. आणि निवडणूक झालीच नाही तर अध्यक्ष पदावर राहतो काय, हा दुसरा. सर्वसाधारण चर्चेत पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे गृहीत धरले जाते. येथेच विवेचन घसरते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. निर्वाचक निवडण्याची वेळ ठरविण्याचा अधिकार घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाने काँग्रेसला, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाला दिला आहे. काँग्रेसने १८४५ मध्ये कायदा करून नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार निश्चित केला. ती तारीख बदलावयाची तर दोन्ही सभागृहांनी नवा कायदा केला पाहिजे. अध्यक्षाचा आदेश त्यासाठी पुरेसा नाही. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यान्वये आणीबाणी घोषित केली असता अध्यक्षाला विविध कायद्यांतील शंभराहून अधिक विशेष अधिकार वापरता येतात. त्यांत निवडणूक पुढे ढकलण्याचा अधिकार नाही. कोरियन युद्धाच्या काळात अध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कृती अवैध ठरविली. काँग्रेसने न दिलेला अधिकार केवळ संकटाच्या नावाने उत्पन्न होत नाही, हे तत्त्व त्या निकालाने दृढ झाले.

दहशतवादी हल्ला झाल्यास केंद्रीय निवडणूक पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाला असेल, असा प्रश्न २००४ मध्ये निवडणूक साहाय्य आयोगाच्या अध्यक्षांनी उपस्थित केला होता. त्यावर प्रतिनिधिगृहाने जवळजवळ एकमताने ठराव करून दहशतवादामुळे अध्यक्षपदाची निवडणूक कधीही पुढे ढकलली जाणार नाही, अशी भूमिका घेतली. येथपर्यंत पहिल्या सुराचे म्हणणे मान्य करावे लागते.

मुदतीचे गणित

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र निवडणूकविषयक तरतुदींत नसून १९३३ मध्ये संमत झालेल्या विसाव्या घटनादुरुस्तीत आहे. अध्यक्ष व उपाध्यक्ष यांचा कार्यकाल २० जानेवारीच्या मध्यान्ही संपतो, असे ही दुरुस्ती सांगते. तो निवडणूक झाल्यावर संपतो किंवा उत्तराधिकारी आल्यावर संपतो, असे ती म्हणत नाही. घड्याळात बारा वाजले की कार्यकाल संपला, इतके हे निरपवाद आहे.

समजा, नोव्हेंबरमध्ये देशात कोठेही मतदान झाले नाही. तसे झाल्यास ३ जानेवारीच्या मध्यान्ही प्रतिनिधिगृहातील सर्व सदस्यांची मुदत संपेल, त्यामुळे सभापतीही उरणार नाही. सिनेटच्या सुमारे एकतृतीयांश सदस्यांची मुदत त्याच क्षणी संपेल, परंतु उरलेले सुमारे दोनतृतीयांश सदस्य पदावर राहतील. २० जानेवारीस अध्यक्ष व उपाध्यक्ष दोघेही पदमुक्त होतील. १९४७ च्या उत्तराधिकार कायद्यानुसार क्रमाने पहिला मान सभापतीचा. तो नसल्यास सिनेटच्या हंगामी अध्यक्षाचा. तेव्हा निवडणूक रद्द करणाऱ्या अध्यक्षाच्या जागी सिनेटमधील एक ज्येष्ठ सदस्य कार्यकारी अध्यक्ष म्हणून शपथ घेईल. तो विरोधी पक्षाचाही असू शकेल.

तात्पर्य, जो अध्यक्ष निवडणूक थांबवील तो स्वतःच्याच पदाचा पाया काढून घेईल. काँग्रेसने कायदा करून मतदानाची तारीख काही आठवडे पुढे नेली, तरी २० जानेवारीची सीमा तिला ओलांडता येत नाही. त्यासाठी घटनादुरुस्तीच हवी. आणि ती करावयाची तर दोन्ही सभागृहांचे दोनतृतीयांश बहुमत व पन्नासपैकी अडतीस राज्यांची संमती लागते.

भारतीय वाचकाची अडचण

हे गणित आपल्याला चटकन पटत नाही, याचे कारण आपल्या घटनात्मक सवयीत आहे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ५६ नुसार राष्ट्रपतींची मुदत संपली तरी उत्तराधिकारी पदग्रहण करीपर्यंत ते पदावर राहतात. अर्थात ही सवलत निवडणूक लांबविण्यासाठी नाही. गुजरात विधानसभा विसर्जित असताना राष्ट्रपतिपदाची निवडणूक घ्यावी काय, या प्रश्नावर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मत दिले, की मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. तरीही ‘नवा येईपर्यंत जुना राहतो’ ही कल्पना आपल्या मनात घर करून आहे. काळजीवाहू सरकारची प्रथाही तीच कल्पना बळकट करते.

युक्रेनच्या घटनेतही नवनिर्वाचित अध्यक्ष पदग्रहण करीपर्यंत विद्यमान अध्यक्षाने अधिकार वापरावेत अशी तरतूद आहे. म्हणूनच लष्करी कायदा लागू असताना निवडणुका घेण्यास तेथील कायद्याने मनाई असल्यामुळे, मे २०२४ मध्ये पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतरही तेथील अध्यक्ष पदावर राहिले. अमेरिकी घटनेत अध्यक्षासाठी असा पूल बांधलेलाच नाही. म्हणून युक्रेनचा दाखला अमेरिकेला लागू पडत नाही.

मुदतवाढीचा आपला स्वतःचा अनुभवही येथे आठवावा. मार्च १९७१ मध्ये निवडलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपावयाची होती. अनुच्छेद ८३ मधील आणीबाणीविषयक परंतुकाचा आधार घेऊन संसदेने १९७६ मध्ये ती दोनदा वाढविली. शिवाय बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेची सर्वसाधारण मुदतच पाचावरून सहा वर्षे केली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ती पूर्ववत झाली. या मुदतवाढीच्या निषेधार्थ मूळचे पुण्याचे व बिहारमधील बांका मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे मधू लिमये यांनी तुरुंगात असताना लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. शरद यादव यांनीही तसेच केले. भारतात त्या वेळी मुदतवाढ झाली ती घटनेतील दाराने, घटना मोडून नव्हे. अमेरिकी अध्यक्षाला असे दार उपलब्ध नाही, हा दोन घटनांतील महत्त्वाचा फरक होय.

१८६४ चा दाखला आणि त्याची मर्यादा

आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी पहिल्या सुराचे पुरस्कर्ते हमखास १८६४ चा दाखला देतात. यादवी युद्ध ऐन भरात असताना ८ नोव्हेंबर १८६४ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ऑगस्टमध्ये लिंकन यांना पराभवाची इतकी खात्री वाटत होती, की तसे नमूद करणाऱ्या एका टिपणाच्या पाठीवर त्यांनी मंत्र्यांच्या सह्या, मजकूर न दाखविता, घेऊन ठेविल्या होत्या. पुढे युद्धाचे पारडे फिरले आणि निर्वाचकांच्या २१२ विरुद्ध २१ मतांनी ते विजयी झाले. बंडामुळे निवडणूक सोडून द्यावी लागली असती तर बंडखोर आधीच जिंकले असे मानावे लागले असते, अशा आशयाचे विचार त्यांनी १० नोव्हेंबरच्या भाषणात मांडले.

हा दाखला उदात्त आहे, परंतु त्यातून काढला जाणारा निष्कर्ष सैल आहे. याच लिंकन यांनी १८६१ मध्ये बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क काँग्रेसच्या पूर्वसंमतीविना स्थगित केला होता आणि सरन्यायाधीश टॉनी यांचा प्रतिकूल निर्णय जुमानला नव्हता. अर्थात अधिकार नसणे ही गोष्ट त्यांना प्रत्येक वेळी अडवू शकली नव्हती. मग निवडणुकीच्या बाबतीत काय वेगळे होते? त्यांचा संयम हे उत्तराचे एक अंग झाले. दुसरे अंग असे, की निवडणूक त्यांच्या हातात नव्हतीच. ती प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने घेत होते. न्यूयॉर्कसारख्या सर्वांत मोठ्या राज्याचा गव्हर्नर होरेशिओ सेमूर हा विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचा होता. तेथील मतदान थांबवावयाचे तर स्वपक्षीय सैन्य आपल्याच बाजूने लढणाऱ्या राज्यात घुसवावे लागले असते. इतिहासाची पुस्तके लिंकन यांच्या मनोधैर्याचा गौरव करतात. तो यथार्थच आहे. पण त्या गौरवाच्या छायेत राज्यांची ही भूमिका झाकोळून जाते.

मनिलाचा धडा

केवळ घटनेतील शब्द पुरेसे असते तर फिलिपिन्समध्ये जे घडले ते घडले नसते. अमेरिकी अमलाखाली तयार झालेल्या तेथील १९३५ च्या घटनेत अध्यक्षाला सलग आठ वर्षांची मर्यादा होती. फर्डिनंड मार्कोस १९६५ व १९६९ मध्ये निवडून आले. त्यांची मुदत डिसेंबर १९७३ मध्ये संपावयाची होती. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी लष्करी कायदा पुकारला, काँग्रेस बंद केली आणि बेनिग्नो अक्विनो यांच्यासह विरोधकांना अटकेत टाकले. जानेवारी १९७३ मध्ये नागरिक सभांतून हात वर करवून नवी घटना संमत झाल्याचे घोषित केले. तिच्या संक्रमणकालीन तरतुदींनी विद्यमान अध्यक्षाचे अधिकार चालू ठेवले. ही संमती जुन्या घटनेतील पद्धतीनुसार झाली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या बहुसंख्य न्यायाधीशांचे मत होते. तरीही मार्च १९७३ मध्ये न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. मार्कोस फेब्रुवारी १९८६ पर्यंत सत्तेत राहिले.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. मार्कोस यांनी मुदतीचे कलम मोडले नाही. ते ज्या घटनेत होते ती घटनाच त्यांनी बदलून टाकली. हे शक्य झाले, कारण फिलिपिन्स हे एकात्म राज्य होते. निवडणुकीची यंत्रणा केंद्रीय होती आणि पोलिसी काम करणारे दल लष्कराच्या रचनेत होते. एका राजधानीत विधिमंडळाला टाळे लावले की देशातील प्रातिनिधिक सत्तेचा कणा मोडत होता. दुसऱ्या सुराच्या पुरस्कर्त्यांनी मनिलाचा दाखला द्यावा, पण वॉशिंग्टनमध्ये त्याची पुनरावृत्ती होण्यासाठी काय काय असावे लागेल, याचाही हिशेब मांडावा.

विस्कळीत यंत्रणेचे सामर्थ्य

अमेरिकेत केंद्रीय निवडणूक आयोग आपल्या अर्थाने अस्तित्वात नाही. मतदारयाद्या, मतपत्रिका, मोजणी व निकालाचे प्रमाणन ही कामे पन्नास राज्ये आणि त्यांतील हजारो स्थानिक कार्यालये करतात. आपल्याकडे मे १९९१ मध्ये राजीव गांधी यांच्या हत्येनंतर निवडणूक आयोगाने एका निर्णयाने उरलेल्या टप्प्यांचे मतदान जूनपर्यंत पुढे नेले. अमेरिकेत असा निर्णय देशभर घेऊ शकेल असे एकही कार्यालय नाही.

स्थानिक पातळीवर मात्र मतदान पुढे गेल्याची उदाहरणे आहेत. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क शहरात महापौरपदाची प्राथमिक निवडणूक चालू होती. हल्ल्यानंतर ती थांबविण्यात आली आणि २५ सप्टेंबरला झाली. मावळते महापौर रुडी जुलियानी यांनी संकटकाळ म्हणून आपल्याला आणखी तीन महिने मिळावेत अशी इच्छा व्यक्त केली. त्या वेळी त्यांची लोकप्रियता शिखरावर होती. तरी ती मुदतवाढ मिळाली नाही आणि १ जानेवारी २००२ रोजी मायकेल ब्लूमबर्ग यांनी सूत्रे घेतली. मतदानाची तारीख पुढे गेली, पदाची मुदत गेली नाही, या भेदाचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

२००० साली फ्लॉरिडात ५३७ मतांच्या फरकावरून झालेला घोळ पाहून आपल्यापैकी अनेकांनी या विस्कळीत यंत्रणेची कीव केली होती. कार्यक्षमतेच्या दृष्टीने ती टीका रास्त होती. परंतु बळकाविण्याच्या दृष्टीने पाहता, जिला एकच मुख्यालय नाही ती यंत्रणा एका आदेशाने बंद पाडता येत नाही.

खरी भेग कोठे आहे?

याचा अर्थ सर्व काही सुरक्षित आहे असा नव्हे. निवडणूक रद्द करणे हा सत्तेत राहण्याचा सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे, एवढेच आतापर्यंतच्या विवेचनातून सिद्ध होते. जाणता सत्ताकांक्षी निवडणूक होऊ देईल आणि निकालावर हात टाकील. २०२०-२१ मध्ये नेमके हेच दिसले. निवडणूक ठरल्या दिवशी झाली. त्यानंतर सात राज्यांत पर्यायी निर्वाचकांच्या याद्या तयार झाल्या. २ जानेवारी २०२१ रोजी अध्यक्षांनी जॉर्जियाच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे दूरध्वनीवरून ११,७८० मते शोधण्याची मागणी केली. ६ जानेवारीला काँग्रेसच्या इमारतीवर जमाव चालून गेला. हे प्रयत्न फसले. मिशिगनच्या प्रमाणन मंडळावरील एका रिपब्लिकन सदस्याने, जॉर्जियाच्या त्या अधिकाऱ्याने आणि अखेरीस उपाध्यक्ष पेन्स यांनी आपापल्या पदाचे मर्यादित काम मर्यादेत राहून केले, म्हणून ते फसले.

भेग घटनेच्या मूळ संहितेतही आहे. निर्वाचक कसे नेमावेत हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाला आहे. नागरिकाला अध्यक्षपदासाठी मत देण्याचा हक्क राज्याने दिला असेल तरच तो असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बुश विरुद्ध गोर खटल्यात नोंदविले. दक्षिण कॅरोलिनात १८६० पर्यंत विधिमंडळच निर्वाचक नेमीत असे. १८८७ च्या मतमोजणी कायद्यातील संदिग्धता डिसेंबर २०२२ च्या सुधारणेने बरीच दूर केली. निर्वाचकांची नेमणूक निवडणुकीच्या दिवसापूर्वी केलेल्या कायद्यानुसारच झाली पाहिजे, आणि मोजणीत उपाध्यक्षाचे काम केवळ औपचारिक आहे, हे आता स्पष्ट आहे.

मात्र कायद्याचा हा बांध एका बाजूने उंचावत असताना दुसरीकडे धाक कमी झाला आहे. १ जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने माजी अध्यक्षांना अधिकृत कृत्यांसाठी फौजदारी कारवाईपासून व्यापक संरक्षण दिले. २० जानेवारी २०२५ रोजी ६ जानेवारीच्या प्रकरणातील सुमारे दीड हजार जणांना माफी वा शिक्षेत सूट मिळाली. नियम अधिक स्पष्ट झाले, पण ते मोडण्याची किंमत घटली. चिंतेचा विषय असेल तर तो हा आहे.

समारोप

अमेरिकेचा अध्यक्ष निवडणूक तहकूब करून सत्तेत राहू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु त्याची कारणे तीन पातळ्यांवर सांगितली पाहिजेत. निवडणूक थांबविण्याचा अधिकार त्याला नाही, ही पहिली पातळी. ती थांबली तरी मुदत थांबत नाही, ही दुसरी. मुदत संपल्याचे मान्य करून नव्या अध्यक्षाचे आदेश पाळणारी माणसे हजारो ठिकाणी विखुरलेली आहेत, ही तिसरी. पहिल्या दोन पातळ्या घटनेने बांधल्या आहेत. तिसरी प्रत्येक निवडणुकीत नव्याने बांधावी लागते. मार्कोस यांना तिसरी पातळी मोकळी सापडली, तेव्हा पहिल्या दोन कोसळण्यास चार महिने पुरले.

म्हणून ‘घटनेत नाही’ एवढ्यावर निश्चिंत होणे जितके चूक, तितकेच ‘तो काहीही करू शकतो’ असे म्हणणेही चूक ठरते. दुसऱ्या भूमिकेत आणखी एक हानी आहे. अध्यक्षाला जो अधिकार नाही तो आहे असे लोकांनी आधीच मानले, तर उद्या तसा आदेश निघाल्यावर जिल्हा पातळीवरचा अधिकारी तो पाळण्याचा संभव वाढतो. अवैध आदेशाचे बळ बहुतांशी पाळणाऱ्याच्या अज्ञानावर उभे असते. नागरिकशास्त्र हा परीक्षेपुरता विषय मानणाऱ्या आपल्यासारख्या अध्यापकांनी विचार करावा अशी बाब हीच होय. आपल्या वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी उद्या एखाद्या तहसील कचेरीत मतमोजणीच्या टेबलाशी बसणार आहे. मुदत कधी संपते आणि कोणाचा आदेश पाळावयाचा नसतो, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.